खोलीचा रकाना

अठ्ठावन्न विहिरी आणि बोअर, अकरा वर्षं, वर्षातून दोन नमुने. फाइल पहिल्यांदा उघडली तेव्हा वाटलं, चला, निम्मं काम झालंच की. नायट्रेटचा रकाना भरलेला, पाणीपातळीचा भरलेला, तारखा जागच्या जागी. शेवटी एक रकाना होता, 'खोली'. त्यात नऊ आकडे होते. उरलेल्या एकोणपन्नास ठिकाणी काहीच नाही, साधी आडवी रेघसुद्धा नाही. मी तो रकाना लपवून टाकला आणि पुढे गेले. तो पुढे मला चांगलाच भोवला.

आम्हाला विचारलेला प्रश्न सरळ होता. या खोऱ्यातल्या शेतांत पडणारं नत्र एक चतुर्थांशाने कमी केलं, तर पिण्याच्या विहिरींतलं नायट्रेट किती उतरेल, आणि कधी? जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम नायट्रेट. ती ठरवताना मुख्य काळजी होती बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांची. १९४५ साली आयोवातल्या एका डॉक्टरांनी विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट आणि बाळं निळी पडणं यांचा संबंध दाखवला, तिथून ही गोष्ट सुरू होते. आमच्या खोऱ्यात बऱ्याच विहिरी त्या पन्नाशीच्या आगेमागे घुटमळत होत्या. म्हणजे थोडीशी चूक झाली तरी विहीर एका यादीतून दुसऱ्या यादीत जाणार.

मी थेट मॉडेल, म्हणजे खोऱ्यातल्या पाण्याची आणि नायट्रेटची संगणकावरची नक्कल, उभारायला बसणार होते. आमच्या मॅडम म्हणाल्या, "आधी नुसते आकडे मांड. किती नोंदी कुठे पडतात ते बघ."

मांडले. आलेख उंटासारखा निघाला, दोन वशिंडांचा. एक ढीग आठ ते बारा मिलिग्रॅमच्या आसपास, दुसरा पस्तीस ते पन्नासच्या. मी लगेच त्याला भूशास्त्र चिकटवलं: एक उथळ पाणी, एक खोल पाणी. छान वाटलं. मॅडमनी फक्त एवढंच विचारलं, "दोन्हींचा भागाकार किती येतो?"

साडेचारच्या जवळ येत होता. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. नायट्रेटच्या रेणूचा भार ६२, त्यातल्या नायट्रोजनचा १४. भागाकार ४.४३. काही प्रयोगशाळा 'नायट्रेट' लिहितात, काही 'नायट्रेटमधलं नायट्रोजन'. दोन्हींचं एकक मिलिग्रॅम प्रति लिटरच, त्यामुळे नुसता आकडा बघून काही कळत नाही. पाणी तेच, पण एका पद्धतीत दहा आणि दुसऱ्या पद्धतीत चव्वेचाळीस. अकरा वर्षांत कुठेतरी नमुने तपासणारे बदलले होते, काही फेऱ्या हातातल्या किटवर झाल्या होत्या, आणि टंकणाऱ्याने सगळं एकाच रकान्यात ओतलं होतं. त्याला तरी काय दोष द्यायचा, रकान्याचं नावच नुसतं 'नायट्रेट' होतं.

मग तीन आठवडे मी जुन्या तपासणीच्या चिठ्ठ्या चाळत बसले. बहुतेक नोंदींचा निकाल लागला. सदतीस नोंदी मात्र अशा उरल्या, ज्यांच्या चिठ्ठ्या सापडल्या नाहीत. त्या काढून टाकाव्यात असं माझं मत होतं. मॅडमना ते पटलं नाही, कारण त्यातल्या बऱ्याच नोंदी अशा भागातल्या होत्या जिथे दुसरं काहीच नव्हतं. शेजारच्या विहिरीशी जुळणारा आकडा निवडावा, तर मग आपण जे आधीच धरून चाललोय तेच नोंदींच्या तोंडून वदवून घेतो. शेवटी दोन्ही शक्यता तशाच ठेवायच्या ठरल्या. मॉडेल प्रत्येक वेळी चालवताना या सदतीसांसाठी फासा टाकायचा: या खेपेला हे नायट्रेट, त्या खेपेला नायट्रोजन. तेव्हा मला हा भित्रेपणा वाटला होता.

नत्राचा हिशेब ही पुढची पायरी. तो कागदावर मांडून बघण्यासारखा आहे, म्हणून इथे थांबते. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १० घनमीटर. समजा वर्षाला ३० किलो नत्र मुळांच्या खाली निसटलं आणि १०० मिलिमीटर पाणी त्याच्यासोबत पाझरलं. ३० किलो नत्र १,००० घनमीटर पाण्यात, म्हणजे लिटरला ३० मिलिग्रॅम, आणि नायट्रेटच्या भाषेत १३३. आता पाझर २०० मिलिमीटर धरा. उत्तर ६६ येतं. मर्यादेच्या अडीचपटीहून जास्त, की जेमतेम सव्वापटीच्या वर? सगळं पाझर किती धरता त्यावर. आणि पाझर कुणी मोजलेला नसतो.

बरं, ते ३० किलो तरी कुठून आले? वजाबाकीतून. १५० किलो टाकलं, ९० पिकाने नेलं, ३० हवेत गेलं, उरलं ३०. आता टाकल्याचा अंदाज फक्त दहा टक्क्यांनी चुकला, म्हणजे १५० ऐवजी १६५ पडलं, तर उरलेलं ३० चं ४५ होतं. वरची चूक दहा टक्के, खालची पन्नास. दोन मोठ्या आकड्यांतून एक लहान आकडा काढायचा असला की असंच होतं.

आणि टाकल्याचा अंदाज आमच्याकडे होता तो विक्रीच्या आकड्यांवरून. विकलं किती ते कळतं, पण कुठल्या शेतात, कधी, किती हप्त्यांत पडलं ते कळत नाही. युरियात ४६ टक्के नत्र असतं हे पक्कं, पण शेणखताचं काय? ते ट्रॉलीने मोजतात, आणि ट्रॉलीतलं नत्र खत किती ओलं, किती जुनं, किती दिवस उघड्यावर पडलेलं यावर ठरतं. म्हणून आम्ही शेतकऱ्यांना विचारायला गेलो. पहिल्याच बांधावर एका आजोबांनी माझी प्रश्नावली हातात घेतली, खालीवर पाहिली आणि म्हणाले, "पुस्तकातलं विचारताय का वावरातलं?"

"वावरातलं."

"मग पोरी, दरसालचं एक कसं सांगू? पाऊस लांबला की एक हप्ता राहतो. पाऊस धुऊन गेला की पुन्हा टाकावं लागतं."

मी 'सरासरी' लिहायला पेन उचललं होतं ते खाली ठेवलं. जोरदार पावसाने धुतल्यावर पुन्हा टाकलेला हप्ता, म्हणजे खत आणि पाझर दोन्ही एकाच वर्षी वाढतात. दोन्ही आकडे वेगवेगळे, स्वतंत्रपणे वरखाली केले तर हे नातं तुटतं. ते आजोबा आमच्या मॉडेलमधल्या सहसंबंधाबद्दलच बोलत होते.

पाण्याच्या प्रवाहाचं मॉडेल त्यामानाने लवकर झालं. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा मॉडफ्लो हा संगणक प्रोग्राम आम्ही वापरला. त्याच्या पोटात सूत्र तेच, आंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ साली दिजों शहराच्या पाणीपुरवठ्यावर लिहिताना वाळूच्या नळकांड्यांवरून मांडलेलं: पाण्याचा वेग उताराच्या आणि पारगम्यतेच्या, म्हणजे खडकातून पाणी किती सहज जातं त्याच्या, प्रमाणात. खोऱ्याचे चौकोन पाडले, पाझर दिला, पारगम्यता दिली, नदी बसवली, आणि मोजलेल्या पाणीपातळ्यांशी जुळेपर्यंत कळा फिरवत राहिले. दीड महिन्यात इतकं सुंदर जुळलं की मी नकाशा छापून भिंतीवर लावला. वरच्या टोकापासून नदीपर्यंत पातळीत चाळीस मीटरचा फरक, आणि माझी चूक सरासरी साठ सेंटिमीटर.

मॅडम नकाशापाशी उभ्या राहिल्या. "पाझर दुप्पट कर," त्या म्हणाल्या.

"पातळ्या वर जातील."

"मग पारगम्यताही दुप्पट कर."

केलं. पातळ्या जिथल्या तिथे. चूक पुन्हा साठ सेंटिमीटर. मी तिप्पट करून पाहिलं, अर्धं करून पाहिलं. भिंतीवरच्या नकाशात रेघेचाही फरक नाही. उपशाचे आकडे पक्के असते तर ही लबाडी पकडली गेली असती, पण उपसाही आमचा अंदाजच होता, आणि तो मी सोबतच वाढवत होते. पाणी जास्त आलं पण तितक्याच सहज निघूनही गेलं, तर पातळीला त्याचा पत्ता लागत नाही. पातळीला कळतं ते फक्त दोन्हींचं गुणोत्तर.

नायट्रेटला मात्र कळतं. पाझर दुप्पट झाला की तेवढंच नत्र दुप्पट पाण्यात मिसळतं, म्हणजे प्रमाण निम्मं. वेगही दुप्पट, म्हणजे विहिरीपर्यंत पोहोचायला निम्मी वर्षं. माझ्या सुंदर नकाशाच्या पोटात १३३ पण होतं आणि ६६ पण, वीस वर्षंही होती आणि दहाही. त्यात भर म्हणजे सच्छिद्रता, खडकात पोकळ जागा किती ती. ती स्थिर पातळ्यांत कुठे येतच नाही, पण पाणी प्रत्यक्षात किती वेगाने सरकतं ते तीच ठरवते. तो नकाशा मी उतरवला नाही. कागदाच्या चिठ्ठीवर 'हे काहीच सिद्ध करत नाही' असं लिहून खाली चिकटवलं.

पाझर पकडायचा दुसरा मार्ग क्लोराइडचा. पावसातलं क्लोराइड जमिनीत ना झिजतं, ना पीक ते फारसं घेतं. पाणी उडून जातं, क्लोराइड मागे राहून दाट होतं. पावसात लिटरला १ मिलिग्रॅम आणि भूजलात १० असेल, तर पावसाचा दहावा हिस्सा खाली पोहोचला. फार देखणी पद्धत. शेताखाली मात्र ती फसते, कारण पालाशसाठी सर्रास जे खत टाकतात ते पोटॅशियम क्लोराइडच असतं. म्हणजे क्लोराइड आपणच वरून ओतायचं, आणि मग भूजलात ते जास्त दिसलं की पाझर कमी आहे असं म्हणायचं! वरच्या अंगाला पडीक जमिनीखाली चार विहिरी होत्या, तिथे ही पद्धत लावली. त्यातून पडीक जमिनीचा पाझर कळला. नांगरलेल्या, ओलिताखालच्या जमिनीचा त्याच्यापेक्षा वेगळा असणार, पण निदान एक टोक हाताला लागलं.

आता ३१ नंबरची बोअर. चहूबाजूंनी भरघोस खत खाणारी शेतं, आणि अकरा वर्षं नायट्रेट '०.५ पेक्षा कमी'. म्हणजे उपकरणाला दिसेल त्याहून खाली. मी ती 'विसंगत' म्हणून बाजूला काढली होती. १२ नंबरचीही तीच गत. दोन्ही वगळल्या की कॅलिब्रेशन, म्हणजे मॉडेल मोजणीशी जुळवणं, छान बसायचं, आणि छान बसतंय म्हणून मी कारण शोधलं नाही. पुढे नमुन्यांच्या एका फेरीला मी स्वतः गेले. ३१ नंबरचा पंप सुरू केला, आणि पहिल्या पाच मिनिटांत सडक्या अंड्यांचा वास आला. पाइपच्या तोंडाशी तांबूस चिकट थर. मोजलं तर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन नगण्य, लोह भरपूर.

असं पाणी जिथे असतं तिथे जिवाणू ऑक्सिजनच्या जागी नायट्रेट वापरतात. खडकातला सेंद्रिय कर्ब किंवा पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) त्यांचं खाद्य, आणि नायट्रेटचा शेवटी निरुपद्रवी नायट्रोजन वायू होतो. म्हणजे विहीर विसंगत नव्हती, तिच्या वाटेवर नायट्रेट संपत होतं. पण थांबा, दुसरी शक्यताही होतीच. बोअर इतकी खोल असेल की तिथलं पाणीच खतांच्या आधीच्या काळातलं असेल, आणि नायट्रेट अजून वाटेत असेल. दोन्हींत आजचा आकडा एकच, '०.५ पेक्षा कमी'. पुढचं भविष्य मात्र अगदी उलट. पहिल्या बाबतीत खडकातलं खाद्य पुरेल तोवर विहीर सुरक्षित. दुसऱ्या बाबतीत संकट यायचंय. आणि यातलं कुठलं खरं हे ठरवायला पहिली गोष्ट लागते ती खोली. तिचा रकाना मी लपवून ठेवला होता.

एव्हाना एकच नेमकं मॉडेल करण्याचा नाद सुटला होता. बेव्हन आणि बिनली या जलशास्त्रज्ञांनी १९९२ साली मांडलेली पद्धत आम्ही धरली: कळांचे हजारो वेगवेगळे जुगाड चालवायचे, आणि निरीक्षणांशी बऱ्यापैकी जुळणारे सगळे ठेवायचे. एकमेकांपेक्षा किती वेगळे असले तरी चालतील. या पद्धतीवर टीका आहे, आणि ती रास्त आहे, कारण 'बऱ्यापैकी' म्हणजे किती हे आपणच ठरवतो. आम्ही तो उंबरठा तीन जागी ठेवून पाहिला आणि तिन्हींचे निकाल दाखवले. लपवण्यापेक्षा ते बरं.

दहा हजार रन, म्हणजे मॉडेल दहा हजार वेळा चालवायचं. पहिली खेप वाया गेली, ती माझ्यामुळे. पारगम्यता दिवसाला ०.१ ते ५० मीटरच्या मध्ये कुठेही असू शकते, म्हणून मी त्या पट्ट्यात सरसकट समान संधी दिली. तीन दिवस मशिन चालल्यावर लक्षात आलं, की अशा वाटपात दहातले नऊ रन ५ च्या वरच पडतात. मंद खडकाला मी जवळजवळ बोलूच दिलं नव्हतं. पारगम्यता दहाच्या पटींत बदलते, तिला संधी लॉगॅरिदमच्या पट्टीवर द्यायची असते. हे मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. दुसऱ्या खेपेला काही चौकोन कोरडे पडून शेकडो रन मध्येच अडकले, ते का अडकले हे बघण्यात आणखी दोन आठवडे गेले. न बघता टाकून दिले असते तर सगळे कमी पाझराचे रन गुपचूप गळाले असते.

शेवटी चारशेच्या आसपास रन टिकले. विहिरीगणिक पट्टे काढले आणि माझं तोंड उतरलं. एका विहिरीत दहा वर्षांनी नायट्रेट ३५ ते ८५. याला उत्तर कोण म्हणेल? मग मॅडमनी दुसरा प्रश्न विचारायला लावला: प्रत्येक रनमध्ये खत कमी केल्याने फरक किती पडतो? एकच रन, एकच खडक, एकच पाझर, फक्त नत्र कमी. हा फरकाचा पट्टा कितीतरी अरुंद निघाला, कारण रनची जी चूक असेल ती दोन्ही बाजूंना सारखीच होती आणि वजाबाकीत निघून गेली. नत्राच्या हिशेबात ज्या वजाबाकीने आम्हाला बुडवलं, तिनेच इथे तारलं.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडला. आता एकच नवी मोजणी परवडणार असेल तर कुठली करायची? चारशे रन हाताशी असल्याने हे मॉडेललाच विचारता आलं: समजा ही गोष्ट मोजली, तर यातले किती रन बाद होतील? नायट्रेटचे आणखी शंभर नमुने घेतले तरी पट्टा फारसा हलत नव्हता. मोजक्या सहा ठिकाणी पाण्याचं वय कळलं तर निम्म्याहून अधिक रन बाद होत होते. तेच वय पाझर आणि पारगम्यतेची जोडगोळी फोडत होतं.

म्हणून ट्रिशियम, हायड्रोजनचं किरणोत्सारी रूप. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी पावसातलं ट्रिशियम वाढवलं, १९६३ च्या सुमारास ते शिगेला पोहोचलं. त्याचं अर्धआयुष्य १२.३ वर्षं. पाण्यात ते जवळजवळ नसेलच, तर ते पाणी त्या चाचण्यांच्या आधी जमिनीत शिरलेलं. सहा बाटल्या पाठवल्या. ३१ मध्ये ट्रिशियम व्यवस्थित निघालं, म्हणजे पाणी नवं आणि नायट्रेट वाटेत खाल्लं गेलेलं. १२ मध्ये काहीच नाही. दोन विहिरी, अकरा वर्षं तोच आकडा, आणि मी दोघींना एकाच शब्दात बाद केलं होतं.

बैठकीत एकच आकडा मागितला गेला, तो आम्ही दिला नाही. कुठल्या विहिरी जवळजवळ प्रत्येक रनमध्ये पन्नाशीच्या खाली येतात, कुठल्या कुठल्याच रनमध्ये येत नाहीत, आणि मधल्या कुठल्या, असे तीन रंग दाखवले. समोरच्या साहेबांना ते आवडलं नाही. मागे बसलेले ते बांधावरचे आजोबा मात्र उठले आणि त्यांनी आपल्या विहिरीचं विचारलं. मी म्हटलं, "आजोबा, खत आज कमी केलंत तर पाणी उतरायला नऊ ते सव्वीस वर्षं."

"नऊ म्हणजे मी. सव्वीस म्हणजे नातू," ते म्हणाले आणि खाली बसले.

त्यानंतर मी तो लपवलेला रकाना उघडला. वजन बांधलेली टेप घेऊन विहिरींवर फिरले. उघड्या विहिरी सोप्या, पण बोअरमध्ये पंप बसवलेला असतो, टेप उतरत नाही. एका ताईंना खोली विचारली तर त्या म्हणाल्या, "आठवत नाही, पण बिल असेल." पत्र्याच्या पेटीतून त्यांनी जुनं बिल काढलं. बोअर पाडणारा पैसे मीटरवर घेतो, तेव्हा खोली त्यावर लिहिलेलीच होती, आणि केसिंग, म्हणजे बोअरच्या आतला आधाराचा पाइप, कुठपर्यंत घातलं तेही. पुढच्या प्रत्येक घरी मी खोली विचारायचं सोडून बिल मागू लागले.

रकान्यात आता एक्केचाळीस आकडे आहेत. त्यातल्या सहांपुढे 'मालकाच्या आठवणीप्रमाणे' असं लिहिलंय, आणि त्या सहांना मॉडेलमध्ये पाच मीटर इकडेतिकडे हलायची मुभा आहे.